फोरॅम ओळखावा कसा

प्लवक फोरॅमिनिफेरा, म्हणजे बोलीभाषेतले फोरॅम, हे समुद्राच्या वरच्या थरांत तरंगणारे एकपेशीय जीव. जिवंतपणी ते चुन्याचे कवच बांधतात. मेल्यावर कवच तळाच्या गाळात जाऊन पडते. आजच्या समुद्रांत त्यांच्या जाती पन्नासच्या आसपास. आकडा ऐकून नवा विद्यार्थी निर्धास्त होतो, आणि पहिला ट्रे सूक्ष्मदर्शकाखाली सरकेपर्यंत निर्धास्तच राहतो.

गाळ धुऊन ०.१५ मिलिमीटरच्या चाळणीवर जे उरते, ते वाळवून काळ्या ट्रेमध्ये पसरतात. पुढचे काम तांदूळ निवडण्याचे. फक्त इथे तांदूळ कुठला आणि खडा कुठला यावरच मतभेद असतात. हत्यार एकच, अगदी बारीक टोकाचा ब्रश. टोक ओले करायला शेजारी पाणी ठेवलेले असते, पण ते जिभेला लावून घेण्याची परंपराही जुनी आहे. वेचलेले कण चौकोन आखलेल्या, डिंक लावलेल्या काळ्या स्लाइडवर जातीवार मांडतात. या काळात शिंकू नये.

ओळख पटवताना शेवटच्या वेढ्यात कप्पे किती, मुख कुठे आणि वेढा कोणत्या हाताला, हे आधी पाहतात. ग्लोबिजेरिना बुलॉइडीसला चार फुगीर कप्पे आणि मधोमध उघडलेले मोठे मुख असते. चेहऱ्यावर कायमचे आश्चर्य. ग्लोबिजेरिनॉइडीस रुबरला कप्पे तीन, आणि मुख्य मुखाखेरीज पाठीवर जादा छिद्रे. ती पाहायची तर कण उलटावा लागतो. ओल्या ब्रशने उलटला की छिद्रांत पाणी शिरते आणि काहीच दिसत नाही. पाणी वाळेपर्यंत थांबावे, तर कण पुन्हा पोटावर लवंडलेला असतो. ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा हा मात्र सरळ गोल गोळा, कारण शेवटचा कप्पा बहुधा आधीच्या सगळ्यांना पोटात घेतो. नवशिक्याचा सारा आत्मविश्वास याच जातीवर पोसला जातो.

पुस्तकातल्या चित्रांत प्रत्येक कवच धडधाकट असते. ट्रेमधले कुणी शेवटचा कप्पा गमावलेले, कुणी अर्धे विरघळलेले, कुणी वयात न आलेले. नवशिक्याने खचू नये. आल्सीद दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८२६ मध्ये हा सगळा गट माकूळ-ऑक्टोपसच्या गोतावळ्यात बसवला होता. १८३५ मध्ये दुजार्दँ या जीवशास्त्रज्ञाने आतला जीव तपासून ती सोयरीक मोडली. अलीकडेही तेच. निओग्लोबोक्वॉड्रिना पॅकिडर्माचा वेढा थंड पाण्यात डावीकडे आणि उबदार पाण्यात उजवीकडे वळतो, असे कित्येक वर्षे शिकवले गेले. जनुके तपासल्यावर डावे आणि उजवे या दोन वेगळ्याच जाती निघाल्या आणि २००६ मध्ये उजव्यांना इन्कॉम्प्टा हे स्वतंत्र नाव मिळाले.

एवढा खटाटोप मोजणीसाठी. एका नमुन्यातले साधारण ३०० कण ओळखले की जातींच्या प्रमाणावरून त्या काळच्या पाण्याचे तापमान काढता येते. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहिले की ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचे थंड, सकस पाणी वर येते आणि बुलॉइडीसची चंगळ होते. म्हणून अरबी समुद्राच्या गाळातला तिचा टक्का हा जुन्या पावसाळ्यांचा दाखला मानतात. हजारो वर्षांपूर्वी वारा कसा होता याचा निकाल अशा रीतीने एका माणसाच्या डोळ्यांवर, मानेवर आणि दुपारच्या जेवणानंतरच्या अवस्थेवर येऊन ठेपतो.

तज्ज्ञांचेही एकमत होतेच असे नाही. २०१९ मध्ये संगणकाला शिकवण्यासाठी ३४ हजारांहून अधिक छायाचित्रांचा संग्रह तयार झाला. त्यासाठी एकेक कण अनेक तज्ज्ञांकडून ओळखून घेतला आणि ज्यांवर बहुमत झाले तेच ठेवले. संगणक आता बरेच कण बरोबर ओळखतो आणि त्याची मान दुखत नाही. पण एका बाजूने काढलेल्या फोटोतला कण त्यालाही उलटता येत नाही. ज्यांवर कुणाचेच एकमत होत नाही, त्यांची नोंद ‘अनिश्चित’ या रकान्यात होते. पुष्कळ तक्त्यांत तो शेवटचा असतो आणि क्वचितच रिकामा.