उभ्याचं आडवं

नौपाड्यात जागेचा भाव चौरस फुटाने सांगतात, त्यामुळे घरात कोण किती जागा अडवतो याचा हिशेब आमच्याकडे रोज होतो. त्यात पहिले तीन नंबर माझ्या जुन्या कॉम्प्युटरांचे, चौथा माझा. “अहो, ह्यांचं एकदा काय ते करा,” असं आमच्या हिने म्हटलं की ‘ह्यांचं’ म्हणजे नेमकं कोणाचं, हे विचारायचं धाडस मी करत नाही.

पण टाकू तरी कसे? उमेदीच्या काळात मी गोखले रोडच्या मागे डीटीपीचं दुकान चालवलं. मुंजीच्या पत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, दिवाळी अंक. तेव्हाचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वळणं बसवून चालत. फॉन्ट नसला तर अख्खा दिवाळी अंक इंग्रजी अक्षरांचा पाचोळा होऊन समोर येतो. विंडोजला युनिकोडमधली देवनागरी कळू लागली २००० साली, माझा संसार त्याच्या आधीचा. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल लागतं प्रिंटरच्या रुंद पोर्टात, आणि तो पोर्ट फक्त पहिल्या मशीनला. स्कॅनरचं स्कझी कार्ड दुसऱ्यात. तिसरं मशीन पहिल्या दोघांना सुटे भाग पुरवायला.

तोडगा सापडला वागळे इस्टेटमधल्या भाच्याच्या ऑफिसात. काचेच्या दारामागे मशीनं एकावर एक आडवी निजली होती. वायरी विंचरलेल्या, दिवे लुकलुकणारे. “मामा, आमचा जुना बारा यूचा रॅक पडून आहे. भिंतीवर टांगायचा. न्या फुकट,” भाचा म्हणाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण मला ठाऊक होती. इथे तर कोंबडी फुकट होती, मग मसाल्याची काय भीती!

रॅकची रुंदी जगभर एकोणीस इंच. उंची मोजायची ‘यू’मध्ये, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. एक यूचे खोके दिसायला देखणे, पण त्यांत ४० मिलिमीटरचे इवलेसे पंखे बसतात आणि दिवसभर किंचाळतात. दोन यूची उंची ८९ मिलिमीटर, तर माझं स्कझी कार्ड १०७ मिलिमीटरचं. उभं मावायचं नाही. म्हणजे मोठा घ्यायचाच, तर सरळ चार यू. मशीनं तीन. तीन चोक बारा, आणि रॅक बारा यूचा! इतका चोख हिशेब दुकानाच्या वहीतही कधी जमला नव्हता.

आधी एकच खोका घेऊन बघू म्हणून लॅमिंग्टन रोड गाठला. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं विचारलंत तर तिथेच उभ्या माणसालाही सांगता येत नाही. दुकानातल्या पोराने विचारलं, “बोर्ड कौनसा है, अंकल?” मी ऐटीत म्हटलं, “एटीएक्स.” हे माप इंटेलने १९९५ साली आणलं, ३०५ बाय २४४ मिलिमीटर, आणि स्क्रूची भोकं अजून त्याच जागी आहेत. “फिर कोई भी चलेगा. रेल लोगे?” रेल म्हणजे खोका आतबाहेर सरकवायच्या पट्ट्या. त्यांची किंमत ऐकून मी म्हटलं, नुसते बाजूचे कान पुरेत. मग त्याने दोन खोके समोर ठेवले. “ये लंबावाला सस्ता, ये छोटावाला महंगा.” कमी पैशात जास्त पत्रा मिळत असताना छोटा कोण घेईल?

ग्रँट रोडहून दादर आणि दादरहून ठाणे, खोका लोकलने आणला. एका काकांनी घाटकोपर ते मुलुंड त्याच्यावर बूड टेकलं, त्यामुळे वजनाची चाचणी आयती झाली.

घरी भिंग घेऊन बोर्डावरच्या पिना वाचल्या आणि वायरी जोडल्या. आता पॉवरचं बटण दाबलं की मशीन रिसेट होतं आणि रिसेट दाबलं की सुरू होतं. हे एकदा लक्षात ठेवलं की काही अडत नाही. अडलं ते पुढे. खोका ५५० मिलिमीटर खोल, रॅक ४५० चा. मागचं झाकण काढलं तर मागे भिंत. मी भिंतीकडे बघतोय हे पाहून ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “पलीकडे देवघर आहे.”

खोका मागे सरकत नाही, तर कान अडकवायची भोकंच पुढे आणावीत. वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराला पट्ट्यांचं माप दिलं. “एकच जोडी? पन्नास घ्या साहेब, स्वस्त पडतील.” क्षणभर मोह झाला. एका यूमध्ये भोकं तीन, म्हणून मी ४४.४५ ला तीनने भागून १४.८ मिलिमीटरचं अंतर लिहून दिलं. भागाकारात खोट नव्हती. रॅकच्या भोकांमध्ये होती: ती १५.९, १५.९, १२.७ अशा अंतराने असतात. पहिला स्क्रू बसला, दुसरा कुरकुरत शिरला, तिसऱ्याने मान टाकली. कारागीर म्हणाला, “साहेब, माप भोकाला पट्टी लावून घेतात.”

शेवटी भाचा आला. “मामा, चार यूचा खोका म्हणजे कान लावलेला आडवा टॉवरच. रॅकचे ट्रे आणा आणि आहेत ते टॉवर आडवे घाला.” टॉवरची रुंदी सात इंच, म्हणजे बरोबर चार यू. पण ट्रेचा एक यू वर. पाच दुणे दहा. खोक्यातला बोर्ड परत टॉवरमध्ये गेला, बटणांच्या वायरी तशाच उलट्या. दोन टॉवर मावले, उरलेल्या दोन यूंत विजेची बिलं. लंबावाला खोका तिसऱ्या मशीनसकट दिवाणाखाली गेला. पूर्वी तिथे चपला मावायच्या.

रॅक मात्र झोकात दिसतो, आणि दार उघडं असलं की जिन्यातूनही दिसतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवा हळूच विचारलं, “काका, गच्चीवरच्या टाकीचं झाकण कोणी नेलं, तुमच्या कॅमेऱ्यात बघता येईल?” घरात कॅमेरा नाही, हे मला मान्य आहे. पण लुकलुकत्या दिव्यांचा अपमान नको म्हणून मी गंभीर चेहऱ्याने रिसेट दाबलं, मशीन सुरू केलं आणि म्हटलं, “बघतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण टाकीवर होतं.