बागेतल्या रेल्वेच्या मालकांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय बंगलेवाले साहेब,
(बागेतल्या रेल्वेचे मालक, गार्ड आणि तिकीट तपासनीस)
मुक्काम शनिवार-रविवार, तालुका खालापूर

विषय : दरवर्षी नवे स्टेशन उभारल्याबद्दल जाहीर अभिनंदन.

महोदय,

पाऊस उघडला आणि आपल्या फाटकाबाहेर छोट्या रेल्वेच्या मोडक्या सामानाचा यंदाचा ढीग येऊन पडला. दोन स्टेशनं, एक पवनचक्की, इंजिनाची शेड आणि अर्धा पूल. माळीबुवा म्हणाले, साहेबांनी सगळं नवं मागवलंय, जर्मनीहून. ऐकून ऊर भरून आला. आमच्याकडे अंगणवाडीचा पत्रा बदलायचा तर आधी ठराव, मग मंजुरी, मग पाऊस. आपण मात्र एका सीझनमध्ये अख्खं जंक्शन बदलता.

दोष आपला नाही, हे आधीच सांगतो. आपल्या गाडीचं प्रमाण एकास साडेबावीस. सहा फुटी माणूस आठ सेंटिमीटरचा. जर्मनांनी 1968 साली ही बागेतली गाडी बाजारात आणली तेव्हा स्टेशन लहान केलं, मास्तर लहान केला, त्याच्या हातातला कंदीलही लहान केला. पाऊस तेवढा त्यांना लहान करता आला नाही. तो खालापुरात एकास एकच पडतो आणि एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. मास्तरांच्या मापाने ते 67 मीटर झाले, म्हणजे वीस मजली इमारतीएवढं पाणी. एवढं डोक्यावर घेऊन कोण ड्यूटी करील?

आता खरं बोलायचं तर पाऊस उगाच बदनाम होतो. घात एप्रिल-मेच्या उन्हानेच केलेला असतो. स्टेशनाचं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक उन्हात पिवळं पडतं, मग कुरकुरीत होतं, पावसाला नुसती टिचकी मारावी लागते. उरलेलं काम वानरं करतात. आपल्या स्टेशनाला छप्पर उभ्या उताराचं आहे, बर्फ घसरून जावा म्हणून. त्यावरून वानर घसरतं, हे मी कुंपणावरून पाहिलं आहे. बर्फाचं अजून पाहायचं आहे.

तेव्हा मोडलं की फेकायचं, हे आपलं धोरण योग्यच. आमच्या भागातल्या वाईट उदाहरणांकडे आपण लक्ष देऊ नका. माथेरानचीच गाडी घ्या. दोन फुटी रूळ, 1907 पासून नेरळहून वर चढते आहे. 2005 च्या जुलैमधल्या पुरात तिचा मार्ग जागोजागी वाहून गेला. मध्य रेल्वेला आपल्यासारखा सल्लागार नव्हता, म्हणून त्यांनी तोच घाट, तीच वळणं दुरुस्त करत बसण्यात वेळ घालवला आणि 2007 मध्ये गाडी पुन्हा सोडली. आपण असता तर डोंगरच नवा मागवला असता. बोरघाटात तर त्याहून वाईट. 1863 मध्ये सुरू झालेल्या त्या चढावर गाडी मध्येच थांबायची, तोंड फिरवायची आणि मग वर जायची. 1929 मध्ये मार्ग बदलला, ते रिव्हर्सिंग स्टेशन मागे पडलं. रेल्वेला तर जुना रूळही टाकवत नाही. त्याचे तुकडे उभे पुरून ती कुंपणाचे खांब करते. इतकी कंजूष संस्था आपल्या बागेला आदर्श म्हणून शोभत नाही.

आणि चौकजवळचा एन. डी. स्टुडिओ? नितीन चंद्रकांत देसाईंनी 2005 मध्ये उभा केला. ‘जोधा अकबर’साठी बांधलेले महाल सिनेमा संपल्यावर मोडले नाहीत. पुढे त्यांत दुसरी चित्रीकरणं झाली, पर्यटक फिरून गेले. प्लॅस्टर आणि प्लायवुडच्या भिंतींनी किती राजवटी पाहिल्या असतील! आपल्या प्लॅस्टिकच्या स्टेशनाला एकसुद्धा पाहायला मिळत नाही.

काही अर्धवट शहाणे आपल्याला भलतंसलतं सांगतील. म्हणतील, भिंती शाबूत असून छप्परच फुटलं असेल तर थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापा, ओळीने चिकटवलेल्या पेन्सिलींवर दाबून त्याला पन्हळ्या पाडा, वर गंजाचा रंग मारा, झालं गोदाम. भिंतींना आतून अॅल्युमिनियमची पट्टी एम-सीलने डकवा. जमिनीवर ठेवू नका, लादीवर ठेवा आणि पाणी जायला लादीला भोकं पाडा. एकच भिंत उरली असेल तर कंपाउंडला टेकवून उभी करा, गाडीतून अख्खी इमारत वाटते. आणि चारही भिंती गेल्या असतील तर जोतं राहू द्या. आपण रविवारी गडावर चढून जातो ते जोतीच पाहायला ना?

शेवाळाचं तर हसूच येतं. इमारत जुनी दिसावी म्हणून परदेशातले हौशी लोक तिला ताक किंवा दही फासून शेवाळ धरवतात. आपल्याकडे ताक पिऊन टाकायचं आणि जूनची वाट बघायची. हे ऐश्वर्य फुकट मिळत असताना आपण दर ऑक्टोबरला ते ब्रशने घासून काढता, याबद्दलही अभिनंदन.

पुण्याच्या कोथरूडमध्ये 1998 पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, त्याची तुलना आपल्याशी कोणी करू नये. ते छपराखाली आहे. बागेतल्या रेल्वेने ऊन-पाऊस खायचाच असतो, नाहीतर तिला बागेत कशाला ठेवायची? आणि ऊन-पाऊस खाल्लेलं स्टेशन केळवली-डोळवलीच्या बाजूचं वाटू लागतं, हाच तर मोठा धोका. पाहुण्यांनी विचारलं, हे कुठलं गाव, तर आपण काय सांगणार? शिवाय आपले पंचेचाळीस मिलिमीटरचे रूळ म्हणजे हिशेबाने मीटरगेज. कर्जतला ब्रॉडगेज, नेरळला नॅरोगेज, मीटरगेज इथे कधी नव्हतीच. आपण पहिल्यापासून परमुलखात आहात, तिथेच राहा.

एक गोष्ट कळवणं कर्तव्य समजतो. आपला ढीग घंटागाडीपर्यंत पोचला नाही. वाडीतल्या पोरांनी तो आधीच उचलला. यंदाच्या दिवाळीच्या किल्ल्यात पवनचक्कीचा बुंधा बुरूज झाला आहे, इंजिनाच्या शेडीत घोडे बांधले आहेत आणि अर्ध्या पुलाखाली अळीव उगवलं आहे. हात तुटलेल्या जर्मन मास्तरांना खराट्याच्या काडीचा भाला देऊन महादरवाज्यात उभं केलंय. दोन्ही बाजूंच्या मावळ्यांपेक्षा ते दीड पट उंच आहेत, पण पहारा चोख देतात. माती, शेण आणि पोरांचा हात लागल्यावर तुमचं ते बव्हेरियातलं स्टेशन पहिल्यांदाच इथलं दिसलं. ‘आपण’चं ‘तुम्ही’ झालं, रागावू नका.

जर्मनीची पेटी अजून फोडली नसेल तर परत पाठवा. आणि जुनं स्टेशन मागायला वाडीत खुशाल या, पोरं नाही म्हणणार नाहीत. फक्त तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा, तोवर इथे कोणी किल्ला मोडत नाही.

आपला,
कुंपणापलीकडचा शेजारी