रुसव्याचा रकाना

छायाचित्रात काय पाहावे याविषयी जगाची समजूत आणि आमच्या कुटुंबाची समजूत यांत केवढी तफावत आहे, हे छायाचित्रांचे सबंध दफ्तर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात हलवण्याचा प्रसंग येईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. छायाचित्राच्या फाइलीतच त्याचा तपशील नोंदवण्याचे जे आंतरराष्ट्रीय रकाने आज रूढ आहेत, त्यांतील पुष्कळसे आयपीटीसी या वृत्तसंस्थांच्या परिषदेने १९९१ साली ठरवलेल्या नमुन्यावरून आलेले आहेत; त्यामुळे त्यांत मथळा आहे, श्रेय आहे, गाव आहे, इतकेच नव्हे तर ‘तातडी’ नावाचाही एक रकाना असून त्यात एकपासून आठपर्यंत आकडा घालण्याची तरतूद आहे; एक म्हणजे निकडीचे आणि आठ म्हणजे सवडीचे. आत्यांच्या मंगळागौरीचे, कडेने कसर लागलेले छायाचित्र किती तातडीचे मानावे, हा प्रश्न परिषदेपुढे आला नसावा हे उघडच आहे. परंतु मूळ प्रत कोणाच्या ट्रंकेत आहे, ते कोणाच्या देखत उघडू नये, आणि ते काढले त्या वेळी कोण रुसले होते, या ज्या तीन बाबींवाचून आमच्या घरातील एकही छायाचित्र समजत नाही, त्यांना त्या मसुद्यात तसूभरही जागा नसावी, ही मला गंभीर त्रुटी वाटते.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे रकाने पाडण्याची मुभा होती आणि तिचा मी यथेच्छ उपभोग घेतला होता. ‘मूळ प्रत’, ‘पडदा’ आणि ‘रुसवा’ असे माझे तीन रकाने होते. पैकी रुसव्याला श्रेणी होती: एक म्हणजे नुसती मान वळवलेली, तीन म्हणजे डोळे लाल, आणि पाच म्हणजे छायाचित्रात व्यक्ती हजर असूनही पंगतीत तिचे पान रिकामे. पाचाची श्रेणी मी उधळपट्टीने दिलेली नव्हती. ती बहुतांशी आत्यांनीच स्वकर्तृत्वाने मिळवलेली होती.

पण सॉफ्टवेअरची जात अल्पायुषी. आयव्ह्यू मीडियाप्रो नावाचे एक नामांकित सॉफ्टवेअर २००६ साली मायक्रोसॉफ्टच्या अंमलाखाली गेले, तेथे त्याचे एक्स्प्रेशन मीडिया असे नामांतर झाले, २०१० साली ते फेज वनच्या ताब्यात आले आणि २०१८ साली त्याचा कारभार आटोपला. रयतेने मात्र या साऱ्या राज्यक्रांतीत मुकाट्याने रकाने भरत राहायचे. माझेही सॉफ्टवेअर, ज्याचे नाव मी येथे घेत नाही, असेच एके दिवशी निवर्तले, आणि तेव्हा असे आढळले की छायाचित्रे जरी माझी असली तरी माझे तिन्ही रकाने छायाचित्रांत नव्हतेच. ते त्या सॉफ्टवेअरच्या खासगी वहीत होते.

भाच्याने ती वही उतरवून घेतली. ‘मामा, आता एक्सएमपीत घालू,’ तो म्हणाला. एक्सएमपी ही ॲडोबीने २००१ साली काढलेली पद्धत. तिच्यात वाटेल तो रकाना घालता येतो, परंतु प्रत्येक नव्या कुळाच्या रकान्यांना एक स्वतंत्र पत्ता द्यावा लागतो, जो दिसतो थेट वेबसाइटच्या पत्त्यासारखा, आणि मौज अशी की त्या पत्त्यावर काही असलेच पाहिजे अशी अट नाही. फिल हार्वी या कॅनडातील गृहस्थांनी २००३ पासून चालवलेल्या एक्झिफटूल या परोपकारी अवजाराच्या साह्याने भाच्याने हे नसलेले घर बांधून माझे दोन रकाने तेथे राहायला पाठवले. नव्या सॉफ्टवेअरने ते फाइलीत जसेच्या तसे राहू दिले, फक्त कोठे दाखवले नाहीत. ‘पडदा’ हा रकाना अशा रीतीने स्वतःच पडद्याआड गेला.

गावांची निराळीच दैना झाली. आयपीटीसीच्या मूळ नमुन्यात गावाच्या नावाला बत्तीस बाइट दिलेले आहेत. रोमन अक्षर एका बाइटात बसते, तर आपल्या लिपीतील प्रत्येक खूण, मग ती वेलांटी असो की पाय मोडल्याची रेघ, आजच्या रिवाजाप्रमाणे तीन बाइट अडवते. एक्सएमपीत ही मर्यादा नाही. पण नव्या सॉफ्टवेअरने जुनाच रकाना प्रमाण मानला. परिणामी पुणे ऐसपैस राहिले, महाबळेश्वर अंग चोरून कसेबसे मावले, आणि त्र्यंबकेश्वर मात्र ‘त्र्यंबकेश’पाशी तुटून, शिल्लक दोन बाइटांचे एक प्रश्नचिन्ह मागे ठेवून अंतर्धान पावले.

राहिला रुसवा. एक ते पाच असे आकडे पाहताच नव्या सॉफ्टवेअरने, कोणासही न विचारता, ते गुणवत्तेचे तारे होत असे ठरवले. ही गोष्ट उघडकीस आली ती दादांच्या साठीशांतीला, जेव्हा भाच्याने कौतुकाने ‘पंचतारांकित तेवढी’ असा हुकूम सोडून निवडक छायाचित्रे कार्यालयाच्या भिंतीवर लावली, आणि भरल्या पंगतीसमोर आत्या अर्धशतकभराच्या रुसव्यांसह, तिरक्या, पाठमोऱ्या, ओठ घट्ट मिटलेल्या, एकामागून एक अवतरू लागल्या. ज्यांच्यापासून ती छायाचित्रे राखायची ती मंडळी पहिल्याच रांगेत मठ्ठ्याची वाट पाहत होती.

आत्यांनी शेवटपर्यंत शांतपणे पाहिले.

‘निवड बरी आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण सुमीच्या बारशाचा राहिला की रे. तिथे मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आणि या धाकट्याच्या लग्नाला पाच कशाला? साडीचा मान राहिला होता खरा, पण संध्याकाळी मिटवलं होतं मी. तीन कर.’

‘मिटवलं कसलं, ताई?’ धाकटे काका पानावरूनच म्हणाले. ‘वरातीला आलीस का तू? पाचच राहू दे रे.’

साडेतीनावर तडजोड होण्याजोगी होती, परंतु नव्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा तारा नाही. तूर्त चार लावले आहेत. उभय पक्षांनी हरकत राखून ठेवली आहे.