रिकाम्या गाडीची उंची

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडचा माणूस परमुलखात गेला की छाती काढून सांगतो. जर्मनीशी आमचं साम्य नेमकं कशात, हे विचारायचं नसतं. मोटारींच्या बाबतीत तर नाहीच नाही. जर्मनीतला माणूस गाडी घेताना इंजिन बघत असेल. परभणीतला माणूस आधी दाजींना फोन लावतो.

मीही लावला. घरात आम्ही सहा जण. अण्णा, माय, आम्ही दोघं आणि दोन पोरं. जुन्या लहान गाडीत धाकटा अजूनही कुणाच्या तरी मांडीवर बसायचा आणि आता त्याला मिसरूड फुटू लागलं होतं. तेव्हा सात सीटांची गाडी घ्यावी, सहा माणसं ऐसपैस बसावीत, सातव्या सीटवर डबा-पाणी ठेवावं, असा माझा सरळ हिशेब. बायकोनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "तुमच्या आत्यांना दिसेपर्यंतच ती सीट रिकामी."

तिचं खरं होतं. आमच्या भागात माणसं मोजून गाडी घेत नाहीत. गाडी आली की तिच्या मापाची माणसं आपोआप गोळा होतात. पाच सीटांच्या गाडीचं कुटुंब सात जणांचं, सातांच्या गाडीचं अकरा जणांचं. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. तालुके वाटले, कचेऱ्या वाटल्या, गाड्यांचं पासिंगसुद्धा पुढं वेगळं झालं, आमचं एमएच २२ आणि त्यांचं एमएच ३८. नातेवाईक मात्र कुणी वाटून दिले नाहीत. आत्या वसमतला, मामा जिंतूरला, चुलते गंगाखेडला आणि सगळ्यांची कुलदेवी तुळजापुरात.

घरात पक्ष पडले. बायको एर्टिगाची, अण्णा बोलेरोचे, थोरला पोरगा स्कॉर्पिओचा. दाजी अपक्ष, म्हणजे ज्याच्याशी शेवटचं बोलणं झालं त्याच्या बाजूचे.

पोराचं म्हणणं एकच. एर्टिगा भाड्याची वाटते. यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. आमचे एक स्नेही कृषी विद्यापीठात प्राध्यापक आहेत. त्यांची एर्टिगा पांढरी. गंगाखेड रोडला कुणाची तरी वाट बघत ते गाडीत बसले होते, तर एक बाई पिशवी आणि नातवासकट मागचं दार उघडून आत बसल्या आणि म्हणाल्या, "पोखर्णीला घ्या." प्राध्यापक इतके भिडस्त की त्यांनी घेतलं. वाटेत आणखी दोघांनी हात केला, तेव्हा बाईंनीच सरकून जागा करून दिली.

पण स्कॉर्पिओचं दुखणं वेगळंच. ती काळी असेल तर विचारूच नका. माझ्या कचेरीतल्या एकानं घेतली आणि त्याच महिन्यापासून गावाकडचे लोक त्याच्याकडे घरकुलाचे आणि विहिरीच्या अनुदानाचे अर्ज घेऊन येऊ लागले. तो कनिष्ठ लिपिक आहे. "यंदा पंचायत समितीला उभं राहायलाव का?" असं त्याला त्याच्या साहेबांनीच विचारलं. म्हणजे एका गाडीत माणूस ड्रायव्हर दिसतो, दुसरीत उमेदवार. नुसता बाप दिसेल अशी गाडी अजून कुणी काढलेली नाही.

टेक्सासातल्या भाच्यानं फोनवर सांगितलं, की तिकडंही हेच चालू आहे. १९८३ च्या अखेरीस क्रायसलर कंपनीनं मिनीव्हॅन आणली. तळ जमिनीलगत, मोठं दार, मागं पोरं आणि सामान. घरंच्या घरं त्या गाडीवर तुटून पडली. पुढं त्याच पोरांना मोठेपणी ती चालवायची लाज वाटू लागली आणि सगळे उंच एसयूव्हीकडे पळाले. भाचा मात्र मिनीव्हॅनवालाच. "मामा, सरकत्या दारासारखं सुख नाही," म्हणाला. फोन स्पीकरवर होता. अण्णा खाटेवरून म्हणाले, "सरकतं दार ओम्नीला असतंय. आन् ओम्नीतून पिक्चरमधी पोरं पळवतेत." भाच्याचं मत तिथंच बाद झालं.

अण्णांचा बोलेरोचा आग्रह शेतासाठी. "मृगात शिवारात जायचं तर उंच गाडी पाहिजे," हे त्यांचं पालुपद. आता आमची काळी माती काय चीज आहे, हे ज्यानं भोगलंय त्याला ठाऊक. दोन सरी पडल्या की ती चाकाला धरते, मग मडगार्डाच्या आत भरते, मग चाक फिरायचंच थांबतं. आमच्याकडे दिसणाऱ्या बहुतेक बोलेरो-स्कॉर्पिओ मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालतात, एर्टिगा पुढच्या दोन. त्यामुळे पांदणीत एक मागून रुतते, दुसरी पुढून. दोघींना काढणारा ट्रॅक्टर एकच. फरक इतकाच, की ट्रॅक्टरवाला गाडी बघून दर सांगतो आणि स्कॉर्पिओला दुप्पट लावतो.

मी कागदपत्रांचा माणूस. म्हटलं, सरकारलाच विचारू एसयूव्ही म्हणजे काय. तर २०२३ च्या जुलैत जीएसटी परिषदेनं ते पक्कं करून ठेवलेलं. लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर, जमिनीपासून उंची १७० मिलिमीटर किंवा जास्त. तिन्ही जुळलं की कंपनी गाडीला कुठल्याही नावानं हाक मारो, जास्तीचा उपकर लागायचा. आणि ही उंची मोजायची गाडी रिकामी असताना! हे लिहिणाऱ्याला आत्या नसणार. आमच्या गाडीत ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, लोणच्याच्या बरण्या आणि वर आत्या. उंची मोजायची आहे, जरा खाली उतरा, असं त्यांना म्हणण्याची छाती कुठल्या अधिकाऱ्याची?

पुढची गंमत तर अण्णांना सांगायला नको होती. बोलेरोची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. इंजिन १४९३ सीसी. उभा जिल्हा जिला बघून बाजूला होतो, ती या व्याख्येत एसयूव्हीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कर बदलले, उपकर गेला, तेव्हा बोलेरो लहान गाड्यांच्या १८ टक्क्यांत बसली आणि आमच्या बायकोची गरीब एर्टिगा, लांबी चार मीटरच्या वर, मोठ्यांच्या पंगतीला ४० टक्क्यांत. अण्णा दिवसभर खूष. "सरकारलाबी कळतंय," म्हणाले.

तरी बोलेरोचं बारगळलं, आणि ते शेवटच्या रांगेमुळे. तिथं सीटा आडव्या. बसणारे समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. आम्ही शेजाऱ्यांची बोलेरो घेऊन औंढा नागनाथाला गेलो होतो. बसता बसता आत्या आणि काकू यांच्या वाट्याला नेमक्या त्याच दोन जागा आल्या. दोघींत धुऱ्यावरून कित्येक वर्षं बोलणं बंद. अर्ध्या वाटेपर्यंत एक डावीकडच्या काचेतून बाहेर बघत होती, एक उजवीकडच्या. मग एक खड्डा आला, डोक्यावर डोकं आपटलं आणि बोलणं सुरू झालं. थेट आजीच्या पाटल्यांपासून. ज्योतिर्लिंगासमोर हात जोडले तेव्हा दोघी पुन्हा अबोला धरोत, एवढंच मागणं मी मागितलं. देव काही पावला नाही.

मायचं म्हणणं कुणीच विचारलं नव्हतं. शोरूममध्ये तिनं बोलेरोच्या पायरीकडं बघितलं, लुगड्याचा घोळ आवरला आणि विचारलं, "पाट कुठाय?" सेल्समनला कळेना. एर्टिगात मात्र ती मधल्या रांगेत सरळ जाऊन बसली, गुडघ्यावर हात न ठेवता. बसल्यावर उतरेचना. तिसऱ्या रांगेत थोरल्यानं बसून बघितलं. त्याचे गुडघे छातीशी आले आणि त्याच्या तोंडावरून कळलं, की यापुढं ती जागा त्याची. सीएनजीची घेतली तर डिकीतली जागा सिलिंडरची. ज्वारीचं पोतं टपावर जाणार, हेही ठरलं. बुकिंग झालं आणि वाट बघायला सांगितलं.

मधल्या काळात चुलतबहिणीचं लग्न निघालं, सेलूला. गाडी हाताशी नाही म्हणून क्रूझर सांगितली. पुढं ड्रायव्हरशेजारी अण्णा, मधे बायका, मागं पोरं आणि दाजी, टपावर रुखवत. आत्या आणि काकू यांच्या मधे अख्खी रांग. मामांना जिंतूरहून यायला गाडी मिळत नव्हती, म्हणून त्यांनी परभणीच गाठली होती. तेही मावले, मामीही मावल्या. सेलू आलं तरी भांडण झालं नाही, म्हणून काकूंना करमेना.

परतीच्या वाटेवर मानवत मागं पडल्यावर सगळे पेंगत होते. अण्णांचा आवाज तेवढा पुढून आला. ते ड्रायव्हरला विचारत होते, "तुजा मालक इकतो का रे ही? इसार किती द्यावा लागंल?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी बुकिंगची पावती खिशात चाचपली. मागून दाजी जागे होऊन म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच सांगायलोय."