नायकाच्या हाती मोजपट्टी द्या

डिसेंबर उजाडला की भविष्यकाळातल्या कुठल्या तरी सरकारला नाताळावर बंदी घालण्याची हुक्की येते. प्रजा राखाडी कपड्यांत, हसण्याला दंड, तळघरात शेवटचा सांताक्लॉज बेड्यांत. मग घटस्फोटित नायक, त्याची तोंडाळ मुलगी आणि एक बिघडलेला यंत्रमानव यानात बसतात, दोन तास गोळीबार करतात, आणि शेवटी आकाशातून काय पडतं? खोकी. रिबीन बांधलेली. वाचला बुवा नाताळ!

आमची गाडी या खोक्यांपाशी अडते. 1964 सालच्या ‘सांताक्लॉज काँकर्स द मार्शन्स’मध्ये मंगळवासीयांनी सांताला पळवून नेलं, तेव्हासुद्धा मंगळावर नाताळ पोचला तो खेळण्यांच्या यांत्रिक कारखान्याच्या रूपानं. पुढे यानं बदलली, खोकी तीच.

आता खरीखुरी बंदी पाहा. इंग्लंडात 1647 साली नाताळ कायद्यानं रद्द झाला. 25 डिसेंबर हा चारचौघांसारखा दिवस, सबब दुकानं उघडा! कँटरबरीत काही दुकानदारांनी हुकूम पाळला. लोकांनी आधी तोंडानं सांगितलं, बंद करा. ऐकेनात, तेव्हा माल रस्त्यावर आला. दारोदारी हॉलीच्या फांद्या लागल्या, भर रस्त्यात फुटबॉल रंगला आणि रीतसर दंगल पेटली. नाताळ वाचवायला निघालेल्या त्या लोकांनी खोकी मागितली नव्हती. मागितली होती सुट्टी.

ती मिळायला वेळ लागला. मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी टाळं, असा कायदा इंग्लंड-वेल्ससाठी झाला 2004 साली. दंगलीनंतर 357 वर्षांनी. मोठं म्हणजे किती? 280 चौरस मीटरच्या वर. साहसपट काढायचा तर यावर काढा ना! नायक मध्यरात्री मॉलच्या छतावरून दोरानं उतरतोय, दातांत मोजपट्टी. खलनायकानं रातोरात प्लायवूडचा आडोसा ठोकून दुकान 279 वर आणलंय. यंत्रमानव गुणाकारात चुकतो. मुलगी ओरडते, ‘‘बाबा, गोदाम मोजू नका, गिऱ्हाईक फिरतं तेवढीच जागा धरा!’’ बाबा पट्टी पुन्हा ताणतात, आडोशामागे शर्टांचा आणखी एक स्टँड सापडतो, बेरीज 281 होते, शटर धाडकन खाली येतं आणि आतली सगळी माणसं घरी जेवायला जातात. थिएटरात शिट्ट्या पडायला हव्यात त्या इथे.

पण असा चित्रपट कोण काढणार? यांचा नाताळ वाचवणारा चित्रपट 25 डिसेंबरलाच लागायला हवा, आमच्या मल्टिप्लेक्समध्ये, सकाळी नवाच्या खेळापासून. म्हणजे तिकीट फाडणारा हजर, संडास धुणारा हजर, आणि पॉपकॉर्नच्या काउंटरवर लाल टोपी घातलेली मुलगीही हजर. ती वसईची असली तर घरी सगळं गोत जमलंय आणि ही इथे विचारतेय, ‘‘सर, चीज की कॅरमेल?’’ नाताळ बुडाला तो हिचा! आणि आपण आत बसून परग्रहावरच्या मुलांसाठी डोळे पुसतोय, मध्यंतरात पॉपकॉर्नला उशीर झाला म्हणून हिच्यावरच खेकसतोय. दंडुक्यानं जे साधलं नाही, ते सेलनं साधलं: 25 डिसेंबरला दुकान उघडं, आणि आपण खुशीनं रांगेत. कसली परग्रहावरची हुकूमशाही घेऊन बसलात? त्या मुलीच्या रजेच्या अर्जावर ‘नामंजूर’ लिहिणारे साहेब याच मजल्यावर बसतात, आणि टोपी त्यांनीही लालच घातलीय.