ध्येयांची आयात आणि जमिनीचा उतारा

दिनांक १४ जून २०२५ रोजी मुंबई मुक्कामी, राज्याचे मुख्यमंत्री आणि केंद्राचे शिक्षणमंत्री यांच्या साक्षीने, पाच परकीय विद्यासंस्थांना इरादापत्रे बहाल करण्यात आली, आणि नव्या विमानतळाच्या सान्निध्यात सिडको जी अडीचशे एकरांची शिक्षणनगरी वसविणार आहे तिच्या रूपाने ज्ञानगंगा आता थेट पनवेल-उरणच्या खाजणात उतरणार, अशी ग्वाही आम्हां अज्ञ जनांस मिळाली. स्कॉटलंडचे अ‍ॅबरडीन, इंग्लंडचे यॉर्क, पश्चिम ऑस्ट्रेलियाचे विद्यापीठ आणि इटलीची रचनाकलेची संस्था यांच्या पंक्तीत शिकागोची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही अमेरिकन संस्थाही बसलेली आहे. उरण तालुक्यातील जासई गावच्या पारावर ही वार्ता वाचली गेली तेव्हा एका वृद्ध खातेदाराने एवढेच विचारले की, ही मंडळी येताना बरोबर काय आणणार आहेत? इमारत येथील सिमेंटची, विद्यार्थी येथील, शुल्कही येथील पालकांचे. मग परदेशातून येणार ते काय? उत्तर उघड आहे. येणार आहेत ती ध्येये आणि मूल्ये.

न्हावा-शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून परदेशी मालाचे कंटेनर आमच्या दारावरून अहोरात्र धावत असतात, आणि त्यांतील प्रत्येक वस्तूची जकात खात्याकडून तपासणी होते. ध्येये मात्र विनातपासणी व विनाजकात देशात शिरतात, हे सरकारी शिरस्त्यास सोडून आहे. सबब हे काम प्रस्तुत सदराने, कोणी न सोपविता, आपल्या शिरावर घेतले आहे.

अमेरिकन ध्येयाचा नमुना पाहता प्रथमदर्शनी माल उंची वाटतो. १६३६ साली स्थापन झालेल्या हार्वर्डने आपल्या मुद्रेवर ‘सत्य’ हा एकच शब्द लॅटिनमध्ये कोरला; रेल्वेच्या धंद्यात गडगंज झालेल्या स्टॅनफर्ड दांपत्याने दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ १८८५ साली जे विद्यापीठ स्थापिले, त्याच्या ब्रीदात स्वातंत्र्याचा वारा वाहतो, आणि तोही जर्मन भाषेत. इलिनॉयच्या संस्थेची जन्मकथा तर कीर्तनकारांच्याही उपयोगी पडावी अशी आहे. १८९० च्या सुमारास शिकागोच्या एका धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितले की, आपल्या हाती दहा लाख डॉलर असते तर सर्व थरांतील मुलांसाठी आपण एक विद्यालय काढले असते. श्रोत्यांत मांसविक्रीच्या धंद्यातले धनिक फिलिप आर्मर होते, आणि त्यांनी ती रक्कम खरोखरच पुढे केली. आपल्याकडे प्रवचनाअंती श्रोते चपला शोधतात. तेथे विद्यालय निघाले.

परंतु जुन्या ब्रीदाचा हा संक्षेप आता मागे पडला असून हल्लीचे ध्येयपत्र समितीकडून तयार होते. त्यात नेतृत्व, नवोन्मेष, समावेशकता, उत्कृष्टता आणि वैश्विक नागरिकत्व या पाच द्रव्यांचे मिश्रण अशा बेताने केलेले असते की, दोन विद्यापीठांची ध्येयपत्रे रातोरात अदलाबदल करून टांगली तर सकाळी कुलगुरूंच्याही ध्यानात येऊ नये. या मालाचे दुसरे वैशिष्ट्य त्याच्या टिकाऊपणात आहे. वर्षानुवर्षे ज्या वैविध्याचा व समावेशाचा उद्घोष झाला, त्या नावाचे हार्वर्डमधील कार्यालय वॉशिंग्टनचा वारा फिरताच एप्रिल २०२५ मध्ये सामुदायिक जीवनाचे कार्यालय म्हणून नामांतरित झाले. त्याच महिन्यात त्या विद्यापीठाने सरकारविरुद्ध दावाही दाखल केला, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. कोलंबिया विद्यापीठाने मात्र जुलैमध्ये वीस कोटी डॉलर भरण्याचे कबूल करून सरकारशी तडजोड केली. मूल्य अमूल्य असते, ही आमची भाबडी समजूत होती. कोलंबियाने त्याची पावतीच दाखविली.

गुणवत्ता हे मूल्यही तपासणीस घेऊ. २०१९ च्या मार्चमध्ये उघडकीस आलेल्या प्रवेशघोटाळ्यात असे निष्पन्न झाले की, धनिक पालकांनी एका दलालामार्फत प्रशिक्षकांस पैसे चारून आपली मुले खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसविली, आणि ज्यांनी आयुष्यात वल्हे मारले नव्हते अशा कन्यांची नौकानयनाच्या यंत्रावर छायाचित्रे काढून ती अर्जास जोडली. आमच्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या वल्हे मारणाऱ्या आगरी-कोळी घराण्यांतील मुलांस ही सवलत ठाऊक असती, तर आज निम्मे उरण कॅलिफोर्नियात पदवीधर झाले असते.

असो. या तपासणीत खरा ऐवज निघतो तो ध्येयपत्राच्या कागदावर नसून त्याच्या खालच्या जमिनीत आहे. २ जुलै १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि प्रत्येक राज्यास त्याच्या दर लोकप्रतिनिधीमागे तीस हजार एकर जमीन देऊन तिच्या उत्पन्नातून शेतकऱ्या-कारागिरांच्या मुलांसाठी महाविद्यालये काढावीत, अशी तजवीज झाली. हेतू उदात्त होता आणि फळेही मोठी आली, यांत शंका नाही. परंतु ही कोटीभर एकर जमीन आकाशातून पडलेली नव्हती; ती सुमारे अडीचशे मूलनिवासी जमातींकडून, कधी तहाने, कधी तुटपुंज्या मोबदल्याने, तर कधी निखळ बळजबरीने, सरकारजमा झालेली होती. कोणाही व्यक्तीस कोणत्याही विषयाचे शिक्षण मिळावे, असे थोर ब्रीद मिरविणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वाट्यास त्यांतील जवळजवळ दहा लाख एकरांचे हक्क आले. ज्यांची जमीन गेली ते मात्र ‘कोणाही व्यक्ती’ या सदरात बसत होते की काय, याचा खुलासा ब्रीदात नाही.

आता अमेरिकन विद्यापीठांच्या सदसद्विवेकबुद्धीने यावर एक तोडगा काढला आहे. अनेक ठिकाणी समारंभाच्या प्रारंभी सर्व जण गंभीर मुद्रेने एक निवेदन ऐकतात, त्यात आपण अमुक जमातीच्या भूमीवर उभे आहोत असे कृतज्ञतापूर्वक मान्य केले जाते, आणि नंतर त्याच भूमीवर अल्पोपाहार होतो. जमीन परत करण्याचा उल्लेख सहसा नसतो, कारण त्यायोगे समारंभाचे गांभीर्य कमी होते.

ही प्रथा येथे आयात करावी, अशी आमची नम्र सूचना आहे, कारण तिच्यासाठी लागणारा मजकूर आमच्याकडे तयार आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी पंचाण्णव गावांच्या जमिनींवर शासनाची दृष्टी वळली; तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध, याच जासई गावी जन्मलेल्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-पागोटे परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. आणि त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. तेव्हा शिक्षणनगरीतील प्रत्येक पदवीदान समारंभात कुलगुरूंनी उभे राहून वाचावे: ‘हा परिसर ज्या खातेदारांच्या भातशेतीवर, मिठागरांवर आणि खाजणांवर उभा आहे त्यांचे आम्ही स्मरण करतो, त्यांचे फेरफार वेळेवर झाले होते, मोबदल्याविषयी मतभेद होते, आणि त्यांचे नातू आज फाटकावर सुरक्षारक्षकाचे काम अत्यंत चोख करीत आहेत.’ टाळ्या वाजवाव्यात किंवा कसे, हे समिती ठरवील.

यावर कोणी म्हणेल की, परकीयांस हसणारे तुम्ही स्वतः कोण? प्रश्न रास्त आहे. १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुभा मिळाल्यावर या राज्यात इतके शिक्षणमहर्षी निपजले की, देणगीशुल्क आवरण्यासाठी १९८७ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि संस्थांची मूल्ये तपासणाऱ्या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या पाहणी समितीतील मंडळींनाच आंध्रातील एका प्रकरणात लाचेच्या आरोपावरून २०२५ च्या फेब्रुवारीत अटक झाली. दर्शनी भिंतीवरचे ध्येयफलक रंगविण्यात आम्ही अमेरिकेच्या तसूभरही मागे नाही.

पण फलकावाचूनही ध्येय असू शकते, याचा दाखला याच मुलखात आहे. १९१९ साली काले गावी स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेची शाळा-महाविद्यालये उरण-पनवेलमध्ये आजही आहेत. तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून मंगळसूत्रही विकले, आणि ‘कमवा व शिका’ हे तत्त्व तेथे घाम गाळून अमलात आले. अमेरिकेतही केंटकीमध्ये बेरिया नावाचे महाविद्यालय आहे. ते गरीब घरांतील मुलांकडून शिकवणीशुल्क घेत नाही, मात्र प्रत्येकाला काम करावेच लागते. ध्येय आयात करायचेच असेल तर ते बेरियाचे करावे. दुर्दैवाने इरादापत्रांच्या यादीत त्याचे नाव नाही.

परकीय विद्यापीठांसाठी २०२३ साली निघालेल्या नियमावलीत त्यांना शुल्क आणि प्रवेशाचे निकष स्वतः ठरविण्याची मुभा आहे, शिल्लक रक्कम कायद्याच्या चौकटीत मायदेशी नेण्याची वाट आहे. शिष्यवृत्ती मात्र द्यावीच, असे बंधन नाही. म्हणून सिडकोच्या दफ्तरी आमचा हा अर्ज रुजू करून घ्यावा: भूखंडाच्या करारात एकच कलम घाला की, प्रत्येक वर्गातील साडेबारा टक्के जागा प्रकल्पग्रस्तांच्या मुलामुलींना विनाशुल्क मिळतील. हे कलम ज्या संस्थेस मान्य असेल तिच्या ध्येयपत्रावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवू. जिला नसेल तिने ध्येयपत्र लावण्याच्या खर्चात पडू नये, शुल्काचा तक्ता तेवढा ठळक अक्षरांत लावावा.