सेफ्टी आहे, तरी जपून

पिस्तुलाकडून जगाच्या दोनच अपेक्षा असतात. चाप ओढला तर गोळी सुटावी, आणि ओढला नाही तर सुटू नये. पहिली अपेक्षा पुरी करण्यात कारागिरांची हयात जाते. दुसरी आपोआप पुरी होते, असा एक समज आहे. १९३४ साली जपानी सैन्याने स्वीकारलेल्या ‘टाइप ९४’ या पिस्तुलाने हा समज कायमचा दूर केला.

नावातल्या ९४ वरून या पिस्तुलाला ९३ पूर्वज होते असे मानू नये. जपानची जुनी कालगणना सम्राट जिम्मूच्या राज्यारोहणापासून मोजली जाई आणि त्या हिशेबाने १९३४ म्हणजे २५९४. वर्षाचे शेवटचे दोन आकडे शस्त्राला चिकटवायचे, ही सैन्याची तेव्हाची रीत होती.

हे काम कुणा होतकरू लोहाराचेही नव्हते. त्यामागे किजिरो नंबू होते. १९२४ साली लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी जपानी सैन्याला पिस्तुलेही दिली होती आणि मशिनगनाही. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. निवृत्त माणसाने काहीतरी करत राहावे हे खरेच. मात्र ते काय, याला मर्यादा असावी.

नव्या पिस्तुलाची निकड जुन्यामुळे निर्माण झाली. १९२५ सालचे ‘टाइप १४’ लांबलचक आणि वजनदार होते. त्याची सेफ्टी म्हणजे डाव्या अंगाला, चापाच्या वर बसवलेली कळ. ती अर्धा फेरा फिरवावी लागे आणि पिस्तूल धरलेल्या हाताला ते जमत नसे. म्हणजे शत्रू समोर आला की आधी दुसरा हात मोकळा करायचा. गोळीच्या बुडावर आपटणारी पिन मोडली तर काय, याचीही सोय होती: कमरेच्या चामडी म्यानातच सुट्या पिनेसाठी एक छोटा कप्पा शिवलेला असे. ज्या वस्तूसोबत दुरुस्तीचे सामान शिवूनच मिळते, तिच्याविषयी करणाऱ्याचे मत वेगळे विचारावे लागत नाही.

त्यात जपानी अधिकाऱ्यांना आपले पिस्तूल आपल्या पगारातून विकत घ्यावे लागे. खिशाला कात्री लावूनच घ्यायचे तर अनेक जण परदेशी बनावटीची लहान, सुबक पिस्तुले पसंत करत. रणगाड्यात आणि विमानात अवघडून बसणाऱ्यांनाही आटोपशीर शस्त्र हवे होते. तेव्हा ‘टाइप ९४’ आले: वजनाने पाऊण किलो, लांबीला सुमारे १९ सेंटिमीटर, ८ मिलिमीटरची गोळी आणि मॅगझिनमध्ये अशा सहा गोळ्या.

आता त्याची करामत. पिस्तुलातला घोडा मागे ताणला की एक अडणी त्याला धरून ठेवते. चाप ओढला की ती ओढ अडणीपर्यंत पोचते, अडणी सुटते, घोडा पडतो आणि बार उडतो. चाप आणि अडणी यांच्यातला दुवा बहुतेक पिस्तुलांत पोटात लपवलेला असतो. ‘टाइप ९४’मध्ये मात्र हा दुवा म्हणजे डाव्या अंगाला उघड्यावर असलेली एक पट्टी होती. तिचे पुढचे टोक जरासे आत दाबले गेले की अडणी सुटे. चापाला बोट लावायचीही गरज नाही. पट्ट्याचे बकल, टेबलाचा कोपरा किंवा घट्ट मुठीतले एखादे बेसावध बोट, कुणालाही हा अधिकार होता.

याचा अर्थ सुरक्षिततेचा विचारच झाला नव्हता असे नाही. उलट तो दोनदा झाला होता. एक हाताने फिरवायची सेफ्टी होती, आणि मॅगझिन काढले की चाप आपोआप अडकेल अशी दुसरीही होती. पुढच्या दाराला दोन कड्या घालाव्यात आणि मागची भिंतच बांधू नये, तसा हा बंदोबस्त.

डाव्या कुशीवर आणखी एक संकट होते. मॅगझिन सोडण्याचे बटण बाहेर आलेले असल्याने पिस्तूल त्या अंगावर ठेवले की मॅगझिन सुटू शके. गोळ्या संपल्यावर ते काढायचे तर उलट कथा. उघडी राहिलेली सरक, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे होणारा भाग, त्या रिकाम्या मॅगझिननेच अडवून धरलेली असे, त्यामुळे ते ओढून काढावे लागे. निघाले की सरक खाडकन मिटे, आणि नवे मॅगझिन घालून ती पुन्हा मागे ओढणे आले. नको तेव्हा निघणारे आणि हवे तेव्हा न निघणारे, असे दोन्ही गुण एकाच भागात आणणे सोपे नाही.

अशा पिस्तुलाला दंतकथा चिकटली नसती तरच नवल. शरण येणारा जपानी अधिकारी पिस्तूल देण्याचा बहाणा करून पट्टी दाबे, ही कथा अमेरिकी सैनिकांत पसरली आणि त्याला ‘आत्मघातकी पिस्तूल’ हे नाव पडले. कथेला भरवशाचा पुरावा नाही आणि तर्कही नाही. नळी समोरच्याकडे रोखून शरण येणाऱ्याला पट्टी शोधण्याइतका वेळ कुणी दिला नसता.

न्यायाने सांगायचे तर नुसत्या पट्टीने गोळी सुटत नसे. नळीत गोळी हवी, घोडा ताणलेला हवा आणि सेफ्टी काढलेली हवी. सेफ्टी लावली की पट्टीही अडत असे. सुरुवातीच्या पिस्तुलांचे कामही नीटनेटके होते. युद्ध अंगावर आले तसे पोलादावर कानशीचे ओरखडे राहू लागले, मुठीवर साध्या लाकडी फळ्या आल्या आणि जोड सैल झाले. सैल जोडांच्या पिस्तुलात सेफ्टीवर किती विसंबायचे, हा प्रश्न वापरणाऱ्याच्या श्रद्धेवर सोडलेला होता. नळी रिकामी ठेवणे हाच खात्रीचा उपाय. रिकामे असेल तर कुठलेही पिस्तूल सुरक्षितच असते. १९४५ साली उत्पादन थांबले, तोवर सुमारे ७१ हजार नग झाले होते.

नंबू यांच्या कारखान्याचा वारसा सांगणाऱ्या कंपनीने १९६० साली जपानी पोलिसांसाठी ‘न्यू नंबू एम ६०’ हे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काढले. त्यात पट्टी बाहेर नव्हती आणि हाताने लावायची सेफ्टीही नव्हती. तरी पोलिसांनी आपला बंदोबस्त केलाच: चाप मागे जाऊच नये म्हणून त्याच्या पाठीशी रबराचा एक तुकडा बसवला. एवढ्या यंत्रविद्येत गोळी चुकून सुटू न देणारा उपाय तो हाच, आणि त्याला रेखाटनाची गरज पडली नाही.